भाड्याच्या खोलीत ऐकायला आणि मिक्सिंगलाही चालतील असे, सोबत नेता येणारे स्पीकर

ओसरी

घर भाड्याचं, अकरा महिन्यांच्या करारावर, त्यामुळे जड सामान नको आहे. खोली १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका भिंतीला लोखंडी कपाट.

कामं दोन. रोजचं ऐकणं: ख्याल, नाट्यसंगीत, अधूनमधून चित्रपटगीतं. आणि घरगुती बैठकींच्या ध्वनिमुद्रणाचं मिक्सिंग: गळा, तबला, पेटी, तानपुरा, म्हणजे चार ते सहा ट्रॅक. गायक बहुतेक काळी एकचे, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा; गायिका काळी चार किंवा पाचच्या. इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा) साधा आहे, दोन इनपुट आणि दोन क्वार्टर इंची बॅलन्स्ड (गोंगाट टाळायला दोन तारांतून जाणारी) आउटपुट.

सुट्टीत गावी जाताना संच बरोबर न्यायचा आहे, तेव्हा जोडी एका सॅकमध्ये मावायला हवी. तिथे वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरवरही चालायला हवी. बजेट केबलसकट ३५ हजार.

दुकानात तीन गोष्टी दाखवल्या: बॅटरीवरचा पार्टी स्पीकर, सबवूफरवाला साउंडबार आणि पाच इंची स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे आवाज न रंगवता ऐकवणाऱ्या स्पीकरची, जोडी. एकाच संचात दोन्ही कामं होतात का? आणि तीन-साडेतीन इंची मॉनिटरवर डग्गा आणि खर्ज खरंच कळतो का? माझी खरी शंका हीच आहे.

खर्जतार

शंकेपासूनच सुरू करू. काळी एकच्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो. तानपुऱ्याची जोडी तिथेच, आणि खर्जाची तार बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर. काळी चारच्या गायिकेसाठी हेच आकडे २०८ आणि १०४. डग्ग्याचा घुमारा ढोबळमानाने ७० ते १५० च्या पट्ट्यात फिरतो, मींड घेतली की वर सरकतो. दाया वरच्या षड्जाला, काळी एकला २७७ च्या आसपास, आणि चाटेचा कडकपणा त्याच्याही कितीतरी वर. म्हणजे तुमच्या कामाला ६५ हर्ट्झपर्यंत प्रामाणिक असणारी जोडी पुरते. ढोल-ताशा किंवा बेस गिटार मिक्स करायची असती तर उत्तर वेगळं आलं असतं, तिथे ४० पर्यंत उतरावं लागतं.

आता आकडे वाचताना एक काळजी घ्या. ‘इतक्या हर्ट्झपासून’ हे किती डेसिबल घसरण धरून लिहिलंय ते पाहिल्याशिवाय तुलना करू नका. यामाहा एचएस५ चा ५४ हर्ट्झचा आकडा सगळीकडे दिसतो, पण तो उणे १० डेसिबलचा आहे. उणे ३ डेसिबलला हाच स्पीकर ७४ वर थांबतो. उलट आयके मल्टिमीडियाच्या आयलाउड मायक्रो मॉनिटरचा ५५ हा आकडा उणे ३ डेसिबलचा आहे, आणि त्याचा वूफर (खालचे स्वर वाजवणारा पडदा) फक्त ३ इंची. जेबीएल १०४ चा ६० सुद्धा उणे १० चा. वूफरच्या इंचांवरून खालचा आवाज ठरवायचा काळ डीएसपी (स्पीकरच्या आतलं डिजिटल आवाज-नियंत्रण) आल्यापासून संपला. मात्र ३ इंची पडदा हवा किती ढकलणार याला मर्यादा आहेच. त्यामुळे छोटी जोडी खाली उतरते ती जवळून आणि मध्यम आवाजात. आवाज चढवला की आतला लिमिटर (अति आवाज रोखणारं सर्किट) आधी खालचा भाग दाबतो, आणि डग्गा एकदम पातळ वाटायला लागतो.

म्हणून माझं मत: टेबलावर हाताच्या अंतरावर बसून काम करणार असाल तर आयलाउड मायक्रो. ३ इंची वूफर, पाऊण इंची ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा), जोडीला ५० वॅट आरएमएस, दोन्ही मिळून वजन सुमारे पावणेदोन किलो. ब्लूटूथ आहे, तारेची इनपुटही आहे, आणि मागे टेबलावर ठेवल्याने फुगणारा खालचा आवाज उतरवायचा स्विच आहे. आजचा भाव तुमच्या बजेटमध्ये बसतो का ते मात्र आधी पाहा. नाही बसला तर प्रिसोनस एरिस ई३.५ बरीच स्वस्त पडते. तिची कंपनी ८० हर्ट्झपासून सांगते, म्हणजे काळी एकचा खर्ज तिच्यावर त्याच्या वरच्या स्वरांशांमधूनच कळेल. ऐकायला ते खटकत नाही, कारण वरचे स्वरांश असले की कान पायाचा स्वर भरून घेतो. पण त्या तारेची पातळी ठरवायची असेल तर हेडफोन लावणं भाग आहे. जेनेलेक ८०१० या सर्वांत मला सर्वात पटणारी, एकेक दीड किलोची आणि बॅलन्स्ड एक्सएलआर इनपुटची, पण जोडी तुमच्या बजेटच्या बाहेर जाते.

पार्टी स्पीकर आणि साउंडबार मिक्सिंगसाठी घेऊ नका. वॅटचा प्रश्न नाही; दुप्पट वॅटने जेमतेम ३ डेसिबल वाढतात, आणि ट्रॉली स्पीकरवरचे पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल वॅटचे फुगवलेले) आकडे तर वाचूच नयेत. अडचण अशी की ते आवाजाच्या पातळीप्रमाणे स्वतःचा तोल बदलतात: हळू असताना बेस फुगवतात, मोठा केला की कापतात. तुम्ही डग्ग्याचा फेडर (पातळीची सरकपट्टी) २ डेसिबल खाली घेतलात तर कानावर किती पडलं हे स्पीकर ठरवणार. शिवाय सगळं एका खोक्यात असल्याने डावं-उजवं जवळजवळ नाहीच. गळा मधे, तबला किंचित उजवीकडे, तानपुरा दोन्हीकडे पसरलेला, ही मांडणी त्याच्यावर करताच येत नाही.

मध्यलय

वरच्या सगळ्याशी सहमत. पण ३५ हजार खर्चण्याबरोबर किमान एक दिवस स्पीकरच्या मांडणीवरही घालवा, कारण तुमची खोली कठीण आहे. १०, ११ आणि साडेनऊ फूट म्हणजे जवळजवळ घन. तिन्ही बाजूंचे पहिले अनुनाद (खोली स्वतःच फुगवते ते स्वर) ५१, ५६ आणि ५९ हर्ट्झवर एकमेकांना चिकटून येतात, दुसरे १०३ ते ११९ वर. खोलीच्या मधोमध बसलात तर पहिले तिन्ही गायब होतात आणि दुसरे फुगतात. डग्गा तिथे गुबगुबीत ऐकू येतो, तुम्ही तो ११० च्या आसपास कापता, आणि दुसऱ्याच्या घरी तबला पोकळ वाजतो. घरगुती मिक्समध्ये हा दोष फार आढळतो आणि दोष स्पीकरला दिला जातो.

तुमच्या मापाला बसणारी मांडणी अशी. टेबल १० फुटी भिंतीला, डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर. दोन ट्वीटरमध्ये ९० सेमी, आणि प्रत्येक ट्वीटरपासून कानापर्यंतही ९० सेमी. तोंड कानाकडे वळवलेलं, ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबल बुटकं असेल तर स्पीकर मागे कलवा किंवा खाली वीट आणि तिच्यावर रबराची पट्टी ठेवा. यात कान भिंतीपासून साधारण एक मीटरवर येतो, मध्यापासून पुरेसा दूर.

स्पीकर भिंतीपासून किती पुढे ठेवायचा यात बरेच जण चुकतात. ‘भिंतीपासून लांब ठेवा’ हा सल्ला छोट्या खोलीत उलटतो. मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज पाव तरंगलांबीच्या अंतरावर मूळ आवाजाला खोडतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६२ सेमीवर असेल तर खड्डा पडतो १३९ हर्ट्झवर, म्हणजे थेट काळी एकच्या षड्जावर! गायकाचा षड्ज दुबळा आणि रिषभ ठसठशीत, असं काहीतरी विचित्र ऐकू येईल. तोंड २० ते २२ सेमीवर आणलं की खड्डा ४०० च्या आसपास सरकतो, आणि तिथे तो भिंतीवरच्या जाड शोषकाने बऱ्यापैकी भरता येतो. भिंतीजवळ आल्याने बेस थोडा चढतो, तो मागच्या स्विचने किंवा इक्यूने (निवडक स्वरपट्टा कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) उतरवायचा. बेससाठीचं हवेचं छिद्र मागच्या बाजूला असलेल्या स्पीकरला निदान छिद्राच्या व्यासाएवढी जागा सोडा. आयलाउडचं छिद्र पुढे आहे, म्हणून तो भिंतीला लागून चालतो.

शोषकाबद्दल: अंड्याच्या ट्रेसारखा दीड-दोन इंची फोम फक्त वरचा चमचमाट खातो, ५०० हर्ट्झच्या खाली त्याचा उपयोग जवळजवळ नाही. १०० हर्ट्झची पाव तरंगलांबी ८६ सेमी असते, यावरून अंदाज घ्या. भाड्याच्या घरात भिंतीला काही चिकटवायचं नसेल तर लाकडी चौकटीत घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडी लोकर) बसवा, ५० मिमीचे दोन थर, वरून घट्ट सुती कापड, आणि चौकट भिंतीपासून १० सेमी पुढे उभी करा. अशा चार चौकटी पुरतात: दोन समोरच्या कोपऱ्यांत, दोन बाजूच्या भिंतींवर पहिल्या परावर्तनाच्या जागी. ती जागा अशी सापडते: तुम्ही बैठकीवर बसा, दुसऱ्याला भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा, आरशात ट्वीटर दिसला की तीच जागा. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच. मागच्या भिंतीला गादी उभी केली, टाइलवर सतरंजी घातली तर टाळीचा झणझणाट जातो. लोखंडी कपाट मागे किंवा बाजूला असू द्या, पण दारं आणि वरचं सामान थरथरत नाही ना ते पाहा. त्यासाठी ४० ते २०० हर्ट्झचा सरकता स्वर हळू लावून खोलीत फिरा. काय खडखडतं ते लगेच कळतं.

अर्थिंगवाला

जोडणी आणि विजेबद्दल, कारण तक्रारी निम्म्या तिथूनच येतात.

आयलाउडची इनपुट अनबॅलन्स्ड आरसीए आहे आणि तुमच्या इंटरफेसचं आउटपुट बॅलन्स्ड. साध्या मोनो क्वार्टर इंची पिनपासून आरसीएपर्यंतच्या दोन केबल घ्या, दीड ते दोन मीटर, त्याहून लांब नको. बहुतेक इंटरफेसना हे चालतं, तरी पुस्तिकेत अनबॅलन्स्ड जोडणीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. एरिस किंवा पाच इंची घेतलीत तर तीन भागांच्या पिनची बॅलन्स्ड केबल दोन्ही टोकांना.

एक चूक वारंवार होते. लॅपटॉपच्या हेडफोन छिद्रातून स्टिरिओ केबल काढून तिचं दुसरं टोक एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये घालतात. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांतला फरक वाजवतं, म्हणजे डाव्यातून उजवा वजा होतो. मधला गळा नाहीसा होतो आणि फक्त रिव्हर्ब (गळ्यामागची गुंज) आणि कडेची वाद्यं उरतात. स्पीकर बिघडलेला नसतो. स्टिरिओ पिनपासून दोन मोनो पिना होणारी केबल लावायची.

गुणगुण येत असेल तर क्रम असा ठेवा. लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली तर स्पीकर, इंटरफेस आणि चार्जर तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी उरली तर ऑडिओ केबलमध्ये ट्रान्स्फॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. स्वस्त आयसोलेटर खालचा आवाज थोडा कापतो आणि मळवतो, म्हणून तो शेवटचा उपाय. तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, धक्क्याचा धोका आहे. जुन्या इमारतीत इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर घराचं अर्थिंगच दुरुस्त करायला हवं, केबल बदलून काही होणार नाही.

गावचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर स्पीकरमध्ये करकर येईल, विशेषतः आत ट्रान्स्फॉर्मर असलेल्या मॉनिटरमध्ये. शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा. छोट्या जोडीचा भार लॅपटॉपएवढाच असतो, बॅटरी पुरते. वीज परत येते तेव्हाचा झटका मात्र पाहा: चालू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर सर्वांत आधी. नाहीतर इंटरफेसचा ठोका थेट वूफरवर जातो.

ठेका

मी पाच इंचीच्या बाजूने. जेबीएल ३०५पी मार्क टू उणे १० डेसिबलला ४३ हर्ट्झपर्यंत जाते, आणि मोठ्या पडद्यामुळे तोच आवाज कमी ताणात मिळतो, लिमिटर मधे येत नाही. रोजचं ऐकणं दोन-अडीच मीटरवरच्या खुर्चीतून असेल तर ३ इंची जोडी धापा टाकते. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबल पडतो, ९० सेमीवरून १८० सेमीला गेलात तरी तोच हिशेब. एकेक नग पावणेपाच किलोचा आहे हे खरं, पण गावी नेण्यासाठी हेडफोनही पुरतील.

खर्जतार

ठेका यांचा अंतराचा मुद्दा बरोबर आहे. आरामखुर्चीतून भरून ऐकायचं असेल तर छोटी जोडी घेऊ नये. पण मध्यलय यांनी दाखवलेले ५१ ते ५९ चे अनुनाद याच खोलीत आहेत. ४३ पर्यंत जाणारा स्पीकर ते सगळे जागे करणार आणि भाड्याच्या घरात ते आवरणं अवघड. शिवाय सॅकमध्ये मावण्याची अट आहे. तुमच्या वाद्यांत ६५ च्या खाली संगीत नाहीच, आहे ती माइक स्टँडला लागलेली ठोकर, पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रक. त्यासाठी गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचं कापणारी गाळणी), डग्ग्यावर ४५-५० चा, आणि खात्री हेडफोनवर.

ओसरी

फार मोलाचं कळलं. ऐकणंही टेबलाशी बसूनच असतं, तेव्हा छोटी जोडी ठरवतो. दोन गोष्टी उरल्या. ब्लूटूथवर मिक्सिंग केलं तर काय बिघडतं? आणि आवाजाची पातळी किती ठेवायची, शेजाऱ्यांची भिंत सामाईक आहे.

मध्यलय

ब्लूटूथ ऐकण्यापुरताच. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथची आवाज आवळून पाठवायची मूळ पद्धत) आवाज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ अख्खी मात्रा मागे. आधीच्या ट्रॅकवर दुसरं वाद्य वाजवायचं असेल तर अशक्यच. नुसत्या मिक्सिंगलाही अडतं: फेडर आता हलवला, कानाला नंतर कळलं, की हात पुढे जातो. शिवाय कोडेक आवाज आवळताना टाळांची झंकार आणि तानपुऱ्याची जवारी यांनाच आधी धक्का लावतो, आणि तुम्ही चांगलं रेकॉर्डिंग उगाच उजळ करत बसता.

पातळीसाठी पिंक नॉइज (चाचणीचा सळसळाट) उणे २० डीबीएफएस आरएमएसला, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या सरासरी २० डेसिबल खाली, लावा, फक्त डावा स्पीकर चालू ठेवा, फोनमधलं ध्वनिमापक सी वेटिंग आणि स्लो या सेटिंगवर ठेवून कानाच्या जागी धरा. ७४ ते ७६ डेसिबल येईपर्यंत नॉब फिरवा, मग उजव्याचं तसंच तपासा. त्या जागी नॉबवर खूण करा आणि गळा-तबला यांचा तोल नेहमी त्याच खुणेवर ठरवा. कान हळू आवाजाला बेस कमी ऐकतो, म्हणून रोज वेगळ्या पातळीवर काम केलं तर डग्गा रोज वेगळा होतो. शेजाऱ्यांसाठी ६५ वर खूण केलीत तरी हरकत नाही, फक्त ती बदलू नका, आणि अधूनमधून पाच मिनिटं मूळ खुणेवर ऐका. तोल जमला की अगदी कुजबुजीएवढा आवाज करून पाहा: गळ्यातले शब्द आणि दायाचा ‘ना’ दोन्ही कळले पाहिजेत.

हेडफोन बंद प्रकारचा घ्या, म्हणजे तोच रेकॉर्डिंगलाही चालेल. सोनी एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स, दोन्ही साध्या इंटरफेसवर चांगले वाजतात. खर्जाची पातळी, थाप पडतानाचे क्लिक, श्वास, संपादनाचे जोड हे हेडफोनवर तपासा. पॅन (डावी-उजवी जागा) आणि रिव्हर्ब मात्र स्पीकरवरच ठरवा. हेडफोनमध्ये डावा कान उजवा स्पीकर ऐकत नाही, त्यामुळे सगळं रुंद वाटतं आणि रिव्हर्बचा अंदाज हमखास चुकतो.

अर्थिंगवाला

दुकानात ऐकायला जाताना ओळखीचं रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये न्या आणि ९० सेमीवर बसून ऐका. एक मोनो फाइलही न्या: गळा दोन स्पीकरच्या बरोबर मधे, बोटभर जागेत उभा राहिला पाहिजे. पसरट वाटला तर एका स्पीकरची तार उलटी जोडलेली आहे किंवा जोडीत दोष आहे. मग सगळं बंद न करता फक्त गाणं थांबवा आणि ट्वीटरजवळ कान न्या. थोडी सळसळ चालेल, ९० सेमीवर ती ऐकू येता कामा नये.

नेताना ट्वीटर एकमेकांकडे तोंड करून ठेवू नका, मधे पुठ्ठा घाला. आयलाउडच्या दोन नगांना जोडणारी चार पिनी केबल आणि ॲडॉप्टर वेगळ्या पिशवीत, स्पीकरच्या जाळीवर टेकणार नाही असे. डावा नग मुख्य असतो, विजेची आणि आवाजाची जोडणी त्यालाच, हे गावी अंधारात जोडताना लक्षात राहावं म्हणून त्याच्या मागे टेपचा तुकडा लावून ठेवा.